वाऱ्याची वीज आणि आपला संयम

(व्याख्यानाचा सारांश)



अक्कलकुवा तालुक्यात नर्मदामाईच्या तीरावर मणिबेली हे वनवासी बांधवांचे गाव आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील जे गाव सर्वप्रथम गिळले, ते हेच. तेथील प्राचीन शूलपाणेश्वराचे मंदिरही जलाशयात लुप्त झाले. धरणाविषयी तीव्र मतभेद झाले. मात्र त्या त्यागाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रकल्पाच्या 1,450 मेगावॅट विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के आहे. आपल्या घरच्या दिव्यात मणिबेलीच्या शेताचा अंश आहे. म्हणून विजेचा वापर हा केवळ बिलाचा विषय राहत नाही.

मणिबेलीच्या दक्षिणेला, साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. त्यांना ना कोळसा लागतो, ना आयात केलेले इंधन. परंतु वायुदेव कोणाच्या आज्ञेत नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातील शक्ती एक अष्टमांश उरते. त्याचा भर पावसाळ्यात असतो आणि नेमके तेव्हाच शेतीपंप बहुधा विश्रांती घेतात.

विजेची निर्मिती आणि मागणी यांचा तोल क्षणोक्षणी राखावा लागतो. 50 हर्ट्झ ही वारंवारता त्या तोलाची नाडी होय. हा तोल सुटला की काय होते, ते 30 आणि 31 जुलै 2012 रोजी अंधारात बुडालेल्या उत्तर भारताने अनुभवले आहे.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे वारा पडताच जलविद्युत सुरू करणे. सरदार सरोवराच्या नदीपात्रातील 1,200 मेगावॅटच्या वीजगृहात पाणी उलट वर चढवू शकणारी सहा यंत्रे बसविलेली आहेत. दुसरा उपाय म्हणजे मागणीलाच वळण लावणे. इंग्रजीत त्याला ‘डिमांड रिस्पॉन्स’ म्हणतात. मुंबईत टाटा पॉवरने मोठ्या ग्राहकांसाठी तो अवलंबिला आहे.

आपल्या राज्यात हे वळण आजवर कोणी सोसले? शेतकऱ्याने! आळीपाळीच्या भारनियमनात मध्यरात्री, साप-बिबट्याच्या भयात, त्याने पिकाला पाणी दिले. तोल ग्रीडचा राखला गेला, पण जागरण त्याच्या वाट्याला आले. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने त्याला दिवसा वीज देण्याचे काम हाती घेतले आहे, ते योग्यच आहे. मग पावसाळ्यातील रात्रीच्या वाऱ्याची वीज कोणी घ्यायची?

ती नगरांनी घ्यावी. पाणीपुरवठ्याचे पंप, शीतगृहे, विजेवरील वाहनांचे चार्जिंग, ही कामे काही तास पुढे-मागे सरकली तर कोणाचे अडत नाही. केंद्र सरकारने 2023 मध्ये वेळेनुसार वीजदराचे नियम केले. सौरतासांत दर कमी आणि सर्वाधिक मागणीच्या वेळी अधिक. वाऱ्याची चाहूल आदल्या दिवशी लागते. तिच्या आधारे रात्रीच्या दरातही असाच लवचीकपणा आणता येईल.

परंतु नियमांना समाजाची साथ हवी. ज्या समाजाने एकादशी आणि चातुर्मास पाळले, त्याला वेळेचा संयम नव्याने शिकवावा लागू नये. सायंकाळी सहा ते दहा या वेळेत गिझर, इस्त्री आणि कपडे धुण्याचे यंत्र बंद ठेवण्याचा नेम प्रत्येक कुटुंबाने घ्यावा. मणिबेलीने गाव दिले. आपल्याला केवळ वेळ बदलायची आहे.