ओसरत्या पाण्याचा हंगाम
(भोई समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात शिक्षण, वसतिगृह आणि विवाहखर्च या विषयांची चर्चा दरवर्षी होते व ती योग्यच आहे. परंतु ज्या पाण्यावर आपल्यापैकी पुष्कळांची चूल पेटते, त्या पाण्याविषयी आपण आपसांत क्वचितच बोलतो. सबब चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा आम्ही उजनी जलाशयातील फाल्गुन ते वैशाख हा हंगाम हाच विषय निवडला.

भीमा नदीवर माढा तालुक्यात बांधलेले हे धरण १९८० साली पूर्ण झाले. ते काठोकाठ भरले म्हणजे त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी साठते. त्यांपैकी ६३ टीएमसींहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते. या पाण्याखाली अनेकांच्या जमिनी, घरे व देवळे गेली. आपले भीमेतील जुने डोहही गेले. तथापि पालखी गेल्यावर भोयाच्या खांद्याचे काम जसे सुटले, तसे हाताचे काम मात्र सुटले नाही. नदीत पाग फेकणारा भोई जलाशयात होडी वल्हवू लागला, आणि भिगवणची मासळी बाजारपेठ दूरवर नावाजली.

वसंत लागला की कालव्यांतून पाणी सुटते, ऊन तापते आणि काठ मागे सरकू लागतो. उघड्या पडलेल्या मळईवर गाळपेर होते. पाणी फारच खाली गेले तर पळसदेवजवळ पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा मृतपातळीच्याही खाली जाऊन उणे पन्नास टक्क्यांचा टप्पा ओलांडला, हे आपण सर्वांनी पाहिले. अशा वेळी विस्तीर्ण पसरलेली मासळी जुन्या नदीपात्रात आणि खोलगट जागी गोळा होते. जाळे टाकावे आणि भरून निघावे! नवख्याला वाटते, चैत्रात मासा वाढला.

आमचे वडील भीमेच्या डोहांत वाढलेले. आम्ही लहान असताना एकदा भरलेले जाळे पाहून हर्षाने ओरडलो, तेव्हा ते म्हणाले, "पाणी आटलं म्हंजी मासा वाढला न्हाय, पोरा, त्येचं घर बारीक झालं." पुढे पुस्तके वाचली, तज्ज्ञांची व्याख्यानेही ऐकली, परंतु या विषयाचे सार आम्हांला त्या एका वाक्यापलीकडे कोठे सापडले नाही.

कटला, रोहू, मृगळ या जातींच्या माद्या याच महिन्यांत अंड्यांनी भरू लागतात. त्या संथ पाण्यात वीत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे वाहत्या पाण्यात अंडी घालतात. म्हणून चैत्र-वैशाखात पकडलेली भरल्या पोटाची मादी ही एक मासळी नव्हे. तिच्याबरोबर आषाढाचे पीकही जाते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या साह्याने या जातींचे प्रजनन घडवून आणले आणि बीज केंद्रांत तयार होऊ लागले. परंतु जलाशयात सोडलेल्या त्या बोटुकलीला वाढण्यास अवधी तर मिळाला पाहिजे! बारीक आसाचे वडाप ओढले की बोटाएवढी पिल्ले टोपल्यांनी निघतात. मोठी झाली असती तर ज्यांनी महिनाभर घर चालविले असते, ती एका दिवसाच्या चहापाण्यात संपतात. चिलापी तेवढी संथ पाण्यातही वाढते, पण नुसत्या चिलापीवर बाजारपेठ उभी राहत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या प्रकृतीची. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यातच पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून भीमेत उतरते. पाणी ओसरले की त्याची दाटी वाढते. पहाटे मासा तोंड वर काढून श्वासासाठी धडपडतो, तेव्हा तो जाळ्यात सहज येतो खरा. परंतु ती सुबत्ता नव्हे, ते आजाराचे लक्षण होय. असे दिसल्यास त्याची वर्दी मत्स्यव्यवसाय खात्याला देणे आणि मेलेली मासळी बाजारात न नेणे, हा आपला धर्म आहे. भिगवणच्या मासळीचे नाव एकदा गेले तर ते कोणत्याही जाळ्याने परत ओढता येणार नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि ती आमच्या तरुण मित्रांसाठी. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उन्हाळा लागता परततात. त्यांना पाहण्यासाठी कुंभारगाव, डिकसळ येथे शहरांतून कुटुंबे येतात. कोणी गळ टाकून बसतो, कोणी मुलाबाळांसह होडीत फिरतो, कोणी ताज्या माशाचे कालवण जेवून तृप्त होतो. आपले कित्येक तरुण या पाहुण्यांचे नावाडी व वाटाडे झाले, पक्ष्यांची नावे तोंडपाठ म्हणू लागले, याचा आम्हांला अभिमान वाटतो. शिकाऱ्याच्या नजरेला पारखीची नजर लाभली.

परंतु हौशी मनुष्याला जलाशय म्हणजे मोठे तळे वाटते. वैशाखातला वारा त्याला ठाऊक नसतो. दुपार कलली की आभाळ काळवंडते आणि पाहता पाहता उघड्या पाण्यावर लाटा उसळतात. दि. २१ मे २०२४ च्या सायंकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट अशाच वादळात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्यांत लहान मुलेही होती. त्या दिवसाविषयी आम्ही अधिक बोलणार नाही. एवढेच म्हणतो की, पालखी खांद्यावर घेतली की आतल्या माणसाची जबाबदारी आपली, हे आपल्या पूर्वजांचे व्रत होते. होडी ही आजची पालखी आहे. पाहुणा पैसे देतो म्हणून वारा थांबत नाही.

तेव्हा समाजापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. चैत्र-वैशाखात बारीक आसाचे जाळे आपल्यापैकी कोणी पाण्यात उतरवू नये, आणि उतरविले तर घरच्यांनीच त्याला अडवावे. जीवरक्षक जाकीट घातल्यावाचून एकही माणूस, मग तो पाहुणा असो वा सोयरा, होडीत बसवू नये. आणि आभाळ भरून आले असता भाडे परत करून होडी काठाला बांधण्यात कोणी कमीपणा मानू नये. काठावर बसलेल्या नावाड्याला भित्रा म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना वाऱ्याची ओळख नाही, आपल्याला आहे.

पाणी ओसरते त्या दिवसांत जलाशय आपल्यासमोर हात उघडा करतो. त्या हातातून किती घ्यायचे हे सरकारच्या कागदावर पुरते ठरत नाही, ते शेवटी जाळे ओढणाऱ्याच्या मनात ठरते. भीमामाईच्या कृपेने यंदाही मृगाचा पाऊस पडो, आणि पुरात अंडी घालण्यास मासळी शिल्लक असो, एवढे मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.