छप्पर हलके, घर गार



घर बांधताना छपराचा विचार बहुधा पावसाच्या दृष्टीने केला जातो. छप्पर गळणार नाही एवढी खात्री पटली, की घरधनी निश्चिंत होतो. परंतु पाऊस चार महिन्यांचा आणि ऊन त्याहून कितीतरी अधिक काळाचे असते. मे महिन्यात तर महाराष्ट्रातील प्रत्येक गावी असा एक दिवस येतो, की भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो आणि माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत दुपारचे ऊन भिंतींवर ओझरते पडते. छपरावर मात्र ते सरळ उतरते. म्हणूनच एकमजली घर मुख्यतः वरून तापते.

माळवदाचा धडा

मराठवाड्यातील जुन्या घरबांधणीला या गोष्टीची पुरेपूर जाण होती. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर अशा माळवदाखालची खोली वैशाखातही गार राहत असे. मात्र गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी नवी माती चढत गेली आणि काही ठिकाणी हा थर दोन फुटांपर्यंत पोहोचला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदांचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीच्या छतावरील लोकांचा विश्वास उडाला आणि तो उडणे स्वाभाविकही होते.

त्यानंतर अनेक घरांवर पत्रा किंवा सिमेंट काँक्रीटचा स्लॅब आला. पण पत्रा सकाळीच तापतो, तर स्लॅब दिवसभर उष्णता साठवून ती रात्री घरात सोडतो. पंखा ही तापलेली हवाच फिरवितो; आणि वातानुकूलन यंत्र बसविले, तर छपराची चूक दरमहा विजेच्या देयकात भरावी लागते. मग सुरक्षितता हवी असेल तर गारवा सोडावा लागतो काय? तसे मुळीच नाही. माळवदाचा गारवा जाड थरामुळे मिळत असे. तोच गारवा वजन न वाढविताही मिळू शकतो.

दोन सोपे उपाय

पहिला उपाय ऊन परतविण्याचा. राखाडी स्लॅब उन्हाचा मोठा भाग शोषून घेतो. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक ऊन परत पाठवितो. गच्चीला चुन्याची सफेदी देणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होय. पावसाने ती धुऊन जाते, म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा हात फिरवावा. खर्चाची ऐपत असल्यास पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी टिकाऊ ठरते. पत्र्यालाही बाहेरून पांढरा रंग देता येतो.

दुसरा उपाय उष्णता अडविण्याचा. २०१८ साली केंद्र शासनाने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. छपराच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आतील व बाहेरील तापमानात एका अंशाचा फरक असताना, १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये, अशी मर्यादा तीत आहे. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत येते. स्लॅबवर सुमारे तीन सेंटिमीटर जाडीचे दाट थर्माकोल अंथरून त्यावर कोबा केल्यास ही मर्यादा पाळता येते. दहा सेंटिमीटर मातीच्या थराने एवढे साधत नाही, शिवाय वजन कितीतरी वाढते. थर्माकोल नेहमी कोब्याखाली झाकलेले असावे. ते पेट घेते, म्हणून घरात उघडे लावू नये.

पत्र्याच्या घरात पत्र्याखाली वीतभर पोकळी ठेवून बांबूच्या तट्ट्याचे किंवा फळ्यांचे छत करावे आणि पोकळीच्या दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा बाहेर निघून जाते. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र घरी कापू किंवा घासू नयेत. त्यांचे तंतू श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांचे गंभीर विकार जडतात.

कोकणात उतरत्या कौलारू छपराची योग्यता आजही कायम आहे. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि मुसळधार पाऊस वाहून जातो. ज्या प्रदेशाचे जसे हवामान, तसे छप्पर असावे.

घरकुल योजनेतील पंचवीस चौरस मीटरच्या घरातही हे उपाय शक्य आहेत. कोबा घालण्यापूर्वीच त्याखालच्या थराचा निर्णय घ्यावा. नंतर तो फोडून काम करणे महाग पडते. तेवढी ऐपत नसेल, तर निदान चुन्याची सफेदी तरी चुकवू नये. उन्हाळ्याच्या दुपारी घरात असतात ती वृद्ध माणसे, बाळंतीण आणि तान्ही मुले. छप्पर निवडताना प्रथम त्यांची आठवण ठेवली पाहिजे.