जामीन कोण राहणार?

(कसबा बावडा येथे झालेल्या पाठीराख्यांच्या सभेतील भाषण)



जिल्हा न्यायसंकुल इथे आपल्या बावड्यातच आहे. आदिवासी वाड्यांवर काम करताना मला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मग मंडळीत कोणीतरी विचारते, "गुन्हा गंभीर आहे ना? मग जामीन कशाला?"

जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालू असताना आरोपीला आत ठेवायचे की बाहेर, एवढेच तेव्हा ठरते. गुन्हा किती गंभीर, प्रथमदर्शनी पुरावा काय, आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का आणि खटला संपायला किती काळ लागेल, हे न्यायाधीश पाहतात.

आपल्या कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला त्यांचे निधन झाले. त्या खटल्यातील सहा आरोपींना उच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला. ते अनेक वर्षे तुरुंगात होते आणि खटला लवकर संपण्याची चिन्हे नव्हती. बातमी वाचून मला वाईट वाटले. पण निकालाआधीच शिक्षा भोगायला लावू नये, हे तत्त्व ज्यांचा आपल्याला राग येतो त्यांनाही लागू आहे.

फादर स्टॅन स्वामी यांना हे मिळाले नाही. झारखंडच्या आदिवासींत आयुष्य घालवलेल्या या धर्मगुरूंना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली. यूएपीए कायद्यात आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाकारावाच लागतो. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, कैदेत असतानाच ते मुंबईच्या रुग्णालयात वारले. खटला उभाच राहिला नव्हता.

आपल्या वाड्यांवरची अडचण वेगळी आहे. एका कातकरी तरुणाला जामीन मंजूर झाला, तरी तो पाच आठवडे आतच राहिला. जामीनदाराकडे सातबारा किंवा पगाराचा दाखला हवा होता, आणि वाडीत कोणाच्याच नावावर जमीन नव्हती.

१९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरिबाकडे न झेपणारा जामीन मागू नये असे बजावले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टाला अट सैल करता येते. पण हे अमलात यायला कोणीतरी पाठपुरावा करावा लागतो.

म्हणून माझी विनंती आहे. ज्यांच्याकडे कागदपत्रे आहेत, त्यांनी जामीन राहण्याचा विचार करावा. जोखीम लपवत नाही: आरोपी तारखेला आला नाही, तर रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. म्हणून आम्ही आधी त्याच्या घरी जाऊन चौकशी करू आणि प्रत्येक तारखेला त्याला कोर्टात घेऊन येऊ.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ घरी वाचा. पौलाला घरात घेतल्यामुळे यासोनाला अधिकाऱ्यांपुढे ओढून नेले आणि जामीन घेऊनच सोडले. आपल्या घराचे दार उघडण्याची किंमत त्याने मोजली. आपण किती मोजणार?

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.