भोंगा आणि कान
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘शरीरातील संप्रेरके’ या विषयावर बोलण्याची चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिक झालेले शाळामास्तर, वैद्य नव्हे. तथापि घरात जे सोसले व त्या निमित्ताने जे वाचले, विचारले, तेवढे निवेदन करतो.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीलगत आमचे बिऱ्हाड आहे. कारखान्याचा भोंगा साऱ्या वस्तीस ऐकू येतो. परंतु डबा घेऊन निघतो तो त्या पाळीचा कामगारच. संप्रेरकांचेही असेच होय. ग्रंथींतून निघालेले संप्रेरक रक्ताबरोबर सर्वत्र फिरते. पण ज्या पेशीत त्याचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असेल, तीच कामास लागते. (आमचा पुतण्या रसायनाच्या कारखान्यात आहे. त्याने ‘रिअ‍ॅक्टर’ असे ऐकले आणि आम्हांस झडपा समजावू लागला!) इन्शुलिनचा ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर असतो, इस्ट्रोजेन मात्र पेशीच्या आत शिरून आपल्या ग्राहकास भेटते. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात पुष्कळदा भोंगा वाजत असतो, कान मंद झालेले असतात.

आमची धाकटी भगिनी बदलापुरास असते. छातीतील गाठ तिने आठ महिने लपविली. कारण विचारता म्हणाली, “दादा, हे कोणाला सांगायचे?” मुंबईस शस्त्रक्रिया झाली. पुढे अहवालात ‘ई. आर. पॉझिटिव्ह’ ही अक्षरे वाचून घरात रडारड झाली. वास्तविक ती बातमी त्यातल्या त्यात बरी होती! काही गाठींच्या पेशी इस्ट्रोजेनच्या हाकेवर वाढतात. शंभरांत एका पेशीत जरी हा ग्राहक आढळला, तरी अहवालात पॉझिटिव्ह लिहितात. आणि मग टॅमॉक्सिफेनसारख्या औषधास वाव राहतो. ते ग्राहकाची जागा अडवून बसते; कानात बोळा घालावा तसे. गर्भाशयात मात्र तेच औषध उलट इस्ट्रोजेनसारखे वागते, म्हणून अवेळी रक्तस्राव झाल्यास डॉक्टरांस त्वरित सांगावे लागते. ज्या गाठीत ग्राहकच नाही, तेथे या गोळीचा उपयोग नाही. शेजारणीची गोळी आपण घेऊ नये, ती याचसाठी.

सन १८९६ मध्ये स्कॉटलंडच्या बीटसन यांनी अंडाशय काढून असा रोग ओसरल्याचे दाखविले. ग्राहकाचा शोध लागला तो शिकागोच्या जेन्सन यांच्या हातून, त्यानंतर साठाहून अधिक वर्षांनी. आपल्या परळच्या टाटा रुग्णालयातही डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी सुमारे १००० स्त्रियांवर, शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉन जातीचे एकच इंजेक्शन देऊन, प्रयोग केला. सन २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सर्वांचा मिळून निश्चित लाभ दिसला नाही. काखेतील गाठींपर्यंत रोग पोचलेल्यांत मात्र दिसला. न साधले तेही त्यांनी स्पष्ट लिहिले, याचे आम्हांस विशेष वाटते.

भगिनीस गोळी पाच वर्षे घ्यावयाची होती. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेत न फोडलेल्या अकरा पट्ट्या निघाल्या. अंगाची आग होई, रात्री घामाने जाग येई. म्हणून तिने परस्पर बंद केली होती. रागावलो आम्हीच, आणि चूकही आमचीच. त्या दीड वर्षात तिला झोप लागते का, हे कोणी विचारले नव्हते. डॉक्टरांस भेटून गोळी पुन्हा सुरू झाली. आता रोज रात्री दूरध्वनीवर आम्ही चौकशी करतो, आणि रोज तिची बोलणी खातो.