हुंकार

लहानपणी गोष्ट सांगताना आजीची एकच अट असे: हुंकार द्यायचा. 'हं' थांबला की गोष्ट थांबे. पोर झोपलं असं समजून ती दिवा मालवी. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी 'जी जी' म्हणतात, तोही हुंकारच.

जपानीत याला 'आयझुची' म्हणतात. शब्द लोहाराच्या भट्टीतला आहे. उस्ताद एक घाव घालतो, समोरचा साथीदार लगेच दुसरा, आणि दोघांच्या घावांखाली लोखंड आकार घेतं. बोलणं दोघांनी घडवायचं असतं, हे त्या एका शब्दात आहे.

ही साथ सुटण्यालाही नाव मिळालं आहे. 2012 साली सिडनीत मॅक्वारी शब्दकोशाच्या एका मोहिमेसाठी काही भाषाजाणकार एकत्र बसले. समोरच्याला सोडून फोनमध्ये शिरण्याला त्यांनी 'फबिंग' हे नाव दिलं. 'फोन' आणि उपेक्षा या अर्थाचा 'स्नबिंग' यांची ती सांधेजोड. चिनीत अशा माणसांना 'मान खाली घातलेल्यांची जमात' म्हणतात. इंग्रजीला अपमान दिसला, चिनीला मान.

मराठीत असा रुळलेला शब्द मला सापडत नाही. कारण, मला वाटतं, आपला हुंकार वरवर चालूच असतो. नजर पडद्यावर, अंगठा सरकतोय आणि तोंडाने 'हं, हं'. हा पोकळ हुंकार मौनापेक्षा वाईट. मौन आजीला कळायचं. पोकळ 'हं' सांगणाऱ्याला फसवतो.

तान्ह्या बाळाला मात्र फसवता येत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईने चेहरा एकाएकी निर्विकार करायचा. बाळ हसून पाहतं, हात पुढे करतं, आवाज करतं. काहीच परतून येत नाही, तेव्हा तोंड फिरवतं. त्या काळी हातात फोन नव्हते. पडद्यात बुडालेला चेहरा मात्र तसाच असतो.

पडद्यापलीकडेही आपलंच माणूस असू शकतं, हे मान्य. न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला तर जरूर घ्यावा. 'आलोच' म्हणून उठावं. सांगून उठण्यात समोरच्याचा मान राहतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली एकत्र ठरवलं: संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. मला या उपक्रमाचं मोल वाटतं ते भोंगा सगळ्या गावाला एकदम ऐकू येतो म्हणून. एकट्याने फोन ठेवला तरी समोरच्याची मान खालीच असेल, तर बोलायचं कुणाशी?

गेल्या पावसाळ्यात आई मला तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल काही सांगत होती. मी 'हं' म्हणत होतो. थोड्या वेळाने मान वर केली तर ती गप्प होती. विचारलं, पुढे काय झालं? म्हणाली, "काही नाही रे, तुझं होऊ दे आधी." त्यानंतर दोनदा विचारलं. ती विहीर अजून अर्धीच राहिली आहे.