आधी दुखणं शोधावं

अल्झायमरच्या रुग्णाची अस्वस्थता म्हणजे हट्ट नव्हे. येरझाऱ्या घालणं, ओरडणं, हात झटकणं, क्वचित मारणं, या सगळ्याला घरात ‘त्रास देतात’ एवढं एकच नाव मिळतं. हा आजार नुसत्या विसराळूपणाचा कधीच नव्हता. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आलेल्या ऑगस्टे डेटर या महिलेविषयी डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी केलेली टिपणं आहेत. त्यांत संशय, घबराट आणि आरडाओरडाही आहे.

भाषा सांभाळणारा मेंदूचा भाग झिजला की ‘गुडघा ठणकतोय’ एवढं सांगणंही जमत नाही. ठणका मात्र तसाच राहतो. रोज मुकाट धार देणारी गाय एके दिवशी लाथ झाडते, तेव्हा जाणता माणूस काठी उचलत नाही. सडाला चीर पडली आहे का, कास कडक झाली आहे का, हे आधी पाहतो. काठीने गाय गप्प उभी राहीलही. कासेची सूज वाढतच जाते. माणसाची गायीशी तुलना कुणाला खटकेल, पण गोठ्यात होते तेवढी चौकशी घरातही व्हायला हरकत नसावी. कारणं साधी असू शकतात: हिरडीला घासणारी कवळी, तीन दिवसांचा बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, श्रवणयंत्राचा संपलेला सेल; आणि थंडगार न्हाणीघरात न सांगता डोक्यावर ओतलेला तांब्या.

नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांतील ३५२ रुग्णांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना आठ आठवडे पद्धतशीर वेदनाशामक औषध दिलं. त्यांतल्या बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच होतं. इतरांच्या तुलनेत त्यांची अस्वस्थता सुमारे १७ टक्क्यांनी उतरली. म्हणजे पुन्हा तेच: आधी दुखणं शोधावं.

संध्याकाळी वाढणारी घालमेल थोडी वेगळी. शरीराचं घड्याळ बिघडलेलं असतं, त्यात दिवसभराचा थकवा आणि अंधुक उजेड. दिवे लवकर लावावेत, टीव्ही बंद ठेवावा, वाद घालू नये.

झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्यांचा विषय इथे मावणारा नाही. मनोविकारांवरच्या काही औषधांनी अशा वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला, एवढं ध्यानात असावं. ती कधी लागतातही, पण डॉक्टरांच्या देखरेखीत आणि शोधाशोध झाल्यावर.

अस्वस्थता एक-दोन दिवसांत अचानक उसळली, तर ‘आजार वाढला’ म्हणून स्वस्थ बसू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग वृद्धांत तापाशिवायही असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.