बोरिवलीहून कोकणाकडे

कोकणची गाडी धरण्यासाठी बॅगा, पिशव्या आणि पेंगुळलेली मुले सावरीत दादर किंवा पनवेल गाठण्याची ज्यांची वर्षानुवर्षांची वहिवाट होती, त्या बोरिवली-अंधेरीकरांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे टर्मिनस-मडगाव गाडी सुरू झाली, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय.

ही गाडी बोरिवलीस थांबते.
आठवड्यातून दोनच दिवस सुटते.
तेव्हा आधी वार पाहावा, मग रजेचा अर्ज द्यावा.

आरक्षण ६० दिवस आधी खुले होते.
पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती.
प्रस्थानाचा दिवस त्यात धरीत नाहीत.
पुन्हा सांगतो : ६० दिवस आधी.

वसई रोडला इंजिन एका टोकाचे सुटून दुसऱ्या टोकास लागते आणि गाडी उलट दिशेने निघते.
खिडकीशी बसलेले मूल विचारते, “आपण परत चाललो का?”
त्याला सांगावे, नाही बाळ, हीच भिवंडीवरून पनवेलची वाट.

पावसाळ्यात दरडींच्या भयास्तव कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी ठेवतात, वेळापत्रकही निराळे असते.
कणकवलीस उतरून गावची एसटी धरावयाची असेल, तर हाती दोन तास राखावेत.